पॅच टेस्ट निगेटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असं नसतं

काँटॅक्ट अ‍ॅलर्जीवरच्या, म्हणजे एखादी वस्तू कातडीला लागून उठणाऱ्या अ‍ॅलर्जीवरच्या लेखातलं ‘पॅच टेस्ट निगेटिव्ह आली की काँटॅक्ट अ‍ॅलर्जीचा प्रश्न मिटला’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. या टेस्टमध्ये संशयित पदार्थ पट्टीखाली पाठीला लावून ठेवतात; जे लावतात त्याचंच उत्तर मिळतं, जे लावलंच नाही ते कुठून कळणार? आमची आई खुरपणीला जायची, पापण्या, मान आणि कोपराच्या आतली बाजू लाल होऊन कातडी नुसती जाड पडलेली. आधी रक्ताची आयजीई (लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीतलं प्रतिपिंड) तपासणी करायला लावली, जी या अ‍ॅलर्जीत कामाचीच नाही, कारण ही टी पेशींमुळे (शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींमुळे) उशिरा उठणारी रिअ‍ॅक्शन आहे. मग पाठीवर पॅच लावले, ४८ तासांनी काढले आणि तेव्हाच बघून ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरबाईंनी गाजर गवताचा अर्क घालून परत टेस्ट केली, पट्ट्या काढल्यावर दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, तर बरोब्बर त्याच एका गोलात लालभडक चट्टा, वर बारीक फोड.

तेव्हा पट्ट्या लावल्यापासून चौथ्या दिवसाचं रीडिंग हवंच, निओमायसिन (मलमातलं अँटिबायोटिक) किंवा स्टिरॉइड मलमाची अ‍ॅलर्जी तर कधी सातव्या दिवशी दिसते. पाठीला स्टिरॉइड मलम लावलेलं असलं तरी टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे लेखात यायलाच हवं होतं. आणि उलटही होतं बरं का, निकेल (नकली दागिन्यांतला धातू) पॉझिटिव्ह आलं म्हणून आत्ताचं पुरळ निकेलचंच असं नाही. कपाळावर डाग असेल तर रोजची टिकली सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा तिच्या डिंकातलंच रसायन निघतं.