प्लिमथचं गाव ‘नकली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

भारतातून आई-बाबा यायचे दिवस जवळ आले की इकडच्या मराठी ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास परत येतो, अमेरिकेत कुठे पैसे घालवू नयेत त्याची यादी, आणि त्यात बॉस्टनच्या दक्षिणेला तासाभरावर असलेल्या प्लिमथ पटक्सेट म्युझियमवर भलामोठा परिच्छेद. थोडक्यात म्हणणं असं, की गाव नकली आहे, एकही घर ओरिजिनल नाही, पगारी नट जुने कपडे घालून पाठ केलेलं बोलतात, धर्मासाठी आलेल्या गोऱ्यांचं नुसतं कौतुक चालतं आणि मूळ रहिवाशांचं काय झालं ते झाकून ठेवलंय, चारशे वर्षांच्या इतिहासाचं आपल्याला काय, वयस्कर लोकांना तर झेपतही नाही, त्यापेक्षा शहरात जाऊन खरा प्लिमथ रॉक, म्हणजे ते गोरे ज्यावर पहिल्यांदा उतरले असं सांगतात तो दगड बघा, तो फुकट आहे. यंदाही आला आणि खाली भराभर अंगठे पडले. मी याच भागात राहते, येणाऱ्या पाहुण्यांना तिथे घेऊन जाते, आणि असलं काहीतरी वाचून लोक जायचंच रद्द करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्लिश माणसं इकडे आली, पहिला हिवाळा सरेपर्यंत त्यातली जवळपास निम्मी दगावली, उरलेल्यांनी गाव उभं केलं. त्या गावाची प्रतिकृती म्हणजे हे म्युझियम, १९४७ मध्ये हेन्री हॉर्नब्लोअर नावाच्या माणसाने सुरू केलेलं. गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी वाम्पानोॲग लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे, आणि शहरातल्या धक्क्यावर मेफ्लॉवर टू, त्या जहाजाच्या प्रतिकृतीचं जहाज, जे इंग्लंडमध्ये बांधलं आणि १९५७ मध्ये शिडांवर अटलांटिक ओलांडून आणलं.

आता ‘एकही घर ओरिजिनल नाही’. नाहीच आहे, आणि ते लोक स्वतः तसं सांगतात, कुणी फसवत नाहीये. मूळ वस्ती तिथून दोन-तीन मैलांवर आजच्या प्लिमथ शहराखाली गेली, लेडन स्ट्रीटच्या आसपास. पण फॉरवर्डमध्ये ज्याला ‘खरा’ म्हटलंय त्या रॉकचं बघा. १६२० मध्ये जे लोक उतरले त्यांनी बरंच काही लिहून ठेवलंय, त्यात या दगडाचा उल्लेखही नाही. पहिल्यांदा दगडाचं नाव निघालं १७४१ मध्ये, म्हणजे १२१ वर्षांनी, जेव्हा तिथे धक्का बांधायचं ठरलं आणि थॉमस फॉन्स नावाच्या ९४ वर्षांच्या गृहस्थांनी आमचे पूर्वज याच दगडावर उतरले असं सांगितलं. १७७४ मध्ये तो हलवताना दुभंगला, त्यावरचा १६२० हा आकडा तर फार नंतर कोरलेला. म्हणजे ज्याच्यामागे सगळ्यात कमी पुरावा आहे त्याला आपण खरा म्हणतोय, आणि ज्या गावातली एकेक गोष्ट मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या, पत्रं आणि उत्खननावरून तपासून बांधलीय त्याला नकली.

घरांचंच घ्या. सिनेमात आणि शाळेच्या चित्रात हे लोक ओंडके रचलेल्या केबिनमध्ये राहताना दाखवतात, ते चूक आहे, तसली केबिन अमेरिकेत स्वीडिश लोकांनी आणली, १६३८ नंतर, तीही डेलावेअरच्या बाजूला. प्लिमथला जमिनीत खांब रोवून लाकडी सांगाडा करायचे, मधे काटक्या विणून त्यावर माती लिंपायची, बाहेरून हाताने फाडलेल्या फळ्या आणि वर गवताने शाकारलेलं छप्पर. माझी आई कोकणातली, एका घरात शिरल्या शिरल्या भिंतीचा एक उघडा राहिलेला तुकडा बघून म्हणाली, अगं हा तर कूड! तिच्या आजोळी गोठ्याला अस्साच होता. तिने हात लावून बघितला, चालतं तिथे हात लावलेला. खाली जमीन मातीची, खिडकी एवढीशी, आत धुराने डोळे चुरचुरतात, एका खोलीत अख्खं बिऱ्हाड, आणि हे सगळं काचेच्या पेटीत ठेवून कळलं नसतं.

कपड्यांचंही तेच. काळा कोट आणि टोपीला बक्कल हे चित्र नंतरच्या लोकांनी रंगवलं. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड वारल्यावर घरातल्या वस्तूंची यादी झाली त्यात लाल बंडी आणि जांभळा झगा आहे. म्हणून गावातली माणसं तुम्हाला रंगीत कपड्यांत दिसतात.

आणि चुका म्युझियमनेही केल्यात की. सुरुवातीला घरांत मेणाचे वगैरे पुतळे, नीटनेटकं अँटिक फर्निचर, पाट्या, असा थाट होता. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बारा बलुतेदारांचे पुतळे आहेत ते बऱ्याच जणांनी बघितले असतील, मला ते फार आवडतात, पण पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही ही गोष्ट खरीच. १९६० च्या दशकाच्या शेवटी जेम्स डीट्झ नावाच्या पुरातत्त्वज्ञाने इथले पुतळे आणि पाट्या काढून टाकल्या, चूल पेटवली, जिवंत माणसं आणली. काम अजून चालूच आहे. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या बॉस्टन कॅम्पसच्या टीमला शहरातल्या बरियल हिलवर पुरलेल्या वासराचा सांगाडा सापडला. वाम्पानोॲग गुरं पाळत नव्हते, म्हणजे वासरू पुरलेली जागा नक्की इंग्लिश वस्तीतली, आणि अशा रीतीने मूळ गाव नेमकं कुठे होतं त्याचा जमिनीतला पुरावा चारशे वर्षं होत आली तेव्हा हाताला लागला. कॉन्स्टन्स असं नाव ठेवलं त्या वासराचं.

ज्यांना मूळच्याच भिंती हव्यात त्यांनी न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम बघावं, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट, १८६३ ची इमारत. १९३५ पर्यंत तिथे वीसेक देशांतली सुमारे ७००० माणसं राहून गेली, मग मालकाने बिऱ्हाडं काढली आणि वरचे मजले तसेच बंद पडून राहिले. तेही अप्रतिम आहे. पण १६२० च्या दशकातलं तसं काही शिल्लकच नसेल तर करायचं काय, सोडून द्यायचं?

‘पगारी नट पाठ केलेलं बोलतात’ हा मुद्दा वाचून मला खात्री झाली की लिहिणारा गावात फोटो काढून बाहेर पडलाय, त्याने कुणाला काही विचारलंच नाही. पाठ केलेलं असतं तर दहा मिनिटांत संपलं असतं. प्रत्येक जण त्या गावातल्या एका खऱ्या, कागदोपत्री नोंद असलेल्या माणसाची भूमिका घेतो, त्याचं लग्न, पोरं, इंग्लंडमधलं गाव, धंदा, सगळं अभ्यासून, आणि बोलण्याची ढबही तिकडच्याच प्रांताची. बरीच वर्षं गावाचं कॅलेंडर १६२७ वर ठेवलं होतं, कारण त्या वर्षी गुरांची वाटणी झाली आणि त्या कागदात गावातल्या माणसांची नावं सापडतात, १३ जणांचा एक गट असे १२ गट. आई पहिल्यांदा आली तेव्हा एक बाई चुलीवर मडक्यात काहीतरी ढवळत बसली होती, आईने मला विचारायला लावलं की हे काय. मका कांडून शिजवलाय म्हणाली. आई म्हणे म्हणजे मक्याच्या कण्या, दूध घालतात का विचार. त्यावर ती बाई ढवळायची थांबली आणि सांगायला लागली की गाय आहे पण ती तेरा जणांत, त्यात पोरं किती, दूध आधी कुणाला द्यायचं यावरून कशी धुसफूस होते, आणि विलायतेत कसं गव्हाचं पीठ मिळायचं, इथला मका पहिल्यांदा घशाखाली उतरत नव्हता. आई आणि ती बाई, मधे मी दुभाषी, दोघींचं अर्धा तास चाललं होतं. हे कुठल्या पाठांतरात बसतं सांगा मला.

एक मात्र आहे, त्यांना आजचं काही विचारलं तर कळत नाही असंच दाखवणार, कॅमेरा म्हणजे काय विचारणार. काही लोकांना तो वेडेपणा वाटतो आणि ते चिडतात. तुम्ही शेजाऱ्याच्या घरी गेल्यावर जे विचारता ते विचारा, काय शिजतंय, आजारी कोण आहे, कर्ज किती आहे. कर्जाचं नक्की विचारा.

कारण फॉरवर्डमधला ‘धर्मासाठी आलेले’ हा भागसुद्धा अर्धवट आहे आणि गावातली माणसंच तो दुरुस्त करतात. इंग्लंडच्या चर्चपासून फुटून निघालेला जो धर्मपंथ, जहाजावरचे साधारण निम्मे लोक त्याचे नव्हतेच, नशीब काढायला आलेले. जे पंथाचे होते ते आधी बारा-एक वर्षं हॉलंडमध्ये लेडनला राहिले होते आणि तिथे त्यांना उपासनेला कुणी अडवत नव्हतं. तरी ते निघाले. का, तर कष्ट भयंकर, पैसा पुरत नाही, आणि पोरं डच व्हायला लागली, भाषा जाणार, इंग्लिश म्हणून ओळखच राहणार नाही ही भीती. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. पोरांना शनिवार-रविवारी मराठी शाळेत ओढत नेणाऱ्या आईबापांनी तरी हे ऐकून जागचं हलू नये असं मला वाटतं. यायचा खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांकडून घेतलेला, तो फेडता फेडता कंबरडं मोडलं, शेवटी १८०० पौंडांवर तडजोड झाली, वर्षाला २०० चा हप्ता, तो बीव्हरची कातडी विकून भरायचा, आणि सगळं फिटायला १६४० चं दशक उजाडलं. हे कौतुक नाहीये, हा हिशेब आहे.

आणि मूळ लोकांचं झाकलंय म्हणता? म्युझियमच्या नावातच पटक्सेट आहे, २०२० पासून. पटक्सेट हे त्या जागेवरच्या वाम्पानोॲग गावाचं नाव. १६१६ ते १६१९ मध्ये युरोपियन लोकांकडून आलेल्या साथीने ते गाव ओस पडलं, आणि त्या मोकळ्या झालेल्या, आधीच कसलेल्या जमिनीवर इंग्लिश लोक येऊन बसले. टिस्क्वांटम, ज्याची गोष्ट शाळेत गोड करून सांगतात की त्याने मका पेरायला शिकवला, तो याच गावचा. १६१४ मध्ये त्याला एका इंग्लिश कप्तानाने फसवून पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं, तो कसाबसा इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये घरी परत आला तर गावात कुणीच जिवंत नाही. हे सगळं मी तिथल्याच वस्तीवर ऐकलंय, ज्यांनी सांगितलं ते स्वतः नेटिव्ह होते. त्या भागात कुणी भूमिका करत नाही, आजची माणसं म्हणून आजच्या भाषेत बोलतात, सालीने मढवलेल्या वेटूमध्ये म्हणजे त्यांच्या घरात बसवतात, झाडाचा बुंधा आतून हळूहळू जाळत होडी कशी कोरतात ते दाखवतात. वाम्पानोॲगांचा प्रमुख मॅसॅसॉइट याने १६२१ मध्ये ज्या इंग्लिश गावाशी तह केला त्याच गावाने पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच्या मुलाचं, मेटाकॉमचं मुंडकं खांबावर लावून वर्षानुवर्षं ठेवलं, हेही विचारलं तर सांगतात.

या मुद्द्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये वाम्पानोॲग समाजातल्या काही लोकांनीच म्युझियमवर बहिष्काराची हाक दिली होती, की नावात बदल केला पण आमच्या वस्तीकडे लक्ष नाही, दिलेला शब्द पाळला नाही. ती तक्रार ज्यांची आहे त्यांचं ऐकायलाच हवं. पण ती तक्रार आहे आमच्या भागाला अजून द्या अशी, आणि फॉरवर्डवाला म्हणतो तिकडे फिरकूच नका. आणि दगडापाशी तुम्हाला यातलं काय कळणार होतं? तिथून दोन पावलांवर कोल्स हिलवर १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला नेटिव्ह लोक शोकदिन पाळतात, तेवढं मात्र तिथे जाऊन नक्की बघण्यासारखं आहे.

‘चारशे वर्षांचा इतिहास’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. १६२७ म्हणजे काय काळ आहे आपल्याकडचा? मलिक अंबर जाऊन वर्ष झालेलं, शहाजीराजे निजामशाहीच्या धामधुमीत, शिवरायांचा जन्म तीन वर्षांवर. त्या वर्षांबद्दल आपण एवढ्या अभिमानाने बोलतो, मग तेव्हाच्या गोऱ्या शेतकऱ्याचं चार वाफे आणि कोंबड्यांचं जग छोटं कसं? शिवाय परदेशी जाऊन बिऱ्हाड मांडणं ही काय फक्त त्यांची गोष्ट आहे? मॉरिशसला पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट आहे, १८३४ पासून जवळपास पाच लाख गिरमिटिया मजूर ज्या बेटावर उतरले तिथला, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्यांच्या पहिल्या झोपडीत चूल कशी होती, पहिल्या वर्षी काय खाल्लं, हे मला कुणी असं बसून सांगितलं तर मी तिकीट काढून जाईन.

वयस्कर लोकांना झेपत नाही हा शेवटचा मुद्दा थोडा बरोबर आहे. रस्ते मातीचे, चढ-उतार आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी आणि बंद बूट हवेतच, बाबांसाठी आम्ही व्हीलचेअरची आधी फोन करून चौकशी केली होती. अर्ध्या तासात उरकायला जाऊ नका, निदान अर्धा दिवस काढा, आधी नदीकाठच्या वस्तीवर जा आणि मग वर गावात. मे-जूनमध्ये सकाळी शाळांच्या सहली असतात, दुपारी गर्दी ओसरते तेव्हा लोक निवांत बोलतात. हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे डिसेंबरात येणाऱ्यांनी तारखा बघूनच ठरवा.