उन्हाने पेशींना कवच येत नाही

चैत्र सरत आला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उन्हात शरीरातली पेशी न् पेशी ‘हीट शॉक प्रोटीन’ बनवते. ही प्रथिनं साठत जातात आणि शरीराला कवच मिळतं. ऊन जितकं जास्त तितकं कवच जाड. मराठवाड्याच्या माणसात ती जन्मतःच जास्त असतात. कूलर-एसीत बसणाऱ्यांच्या पेशी ही ताकद विसरतात. आणि ऊन लागून कुणी पडलंच, तर त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये, पेशींना उलटा धक्का बसतो.

मी परभणीत महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. ही प्रथिनं खरी आहेत, त्यांच्यावर साठ वर्षांहून जास्त काळ काम चाललेलं आहे. म्हणूनच हा मजकूर मला खिशात कांदा ठेवण्याच्या सल्ल्यापेक्षा घातक वाटतो. त्यात शास्त्राचं नाव आहे. ते नाव ऐकून वीटभट्टीवरचा मुकादम दुपारची सुट्टी नाकारू शकतो आणि रानात काम करणारी बाई चक्कर येत असतानाही ‘होईल सवय’ म्हणून खुरपत राहू शकते. त्यामुळे त्यातला एकेक दावा तपासून बघू.

‘प्रथिनं साठतात आणि कवच होतं.’ सगळा मजकूर याच वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबावं लागेल.

१९६२ साली फेरुच्चो रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या ठेवलेल्या इनक्युबेटरचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं होतं. या पेशींतली गुणसूत्रं आकाराने प्रचंड असतात, आणि त्यांच्यावर नेहमी दिसत नाहीत अशा जागी फुगे आलेले त्याला दिसले. तिथली जनुकं अचानक कामाला लागली होती. त्या जनुकांतून बनणारी प्रथिनं सापडायला १९७४ साल उजाडलं.

ती बनतात कशासाठी? पेशीतलं प्रत्येक प्रथिन ठरावीक घडीत असतं आणि त्या घडीतच ते काम करतं. उष्णतेने घडी सुटते, सुटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. अंडं उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो तो याच कारणाने. हीट शॉक प्रथिनं म्हणजे मुख्यतः शॅपरोन. ती सुटलेल्या प्रथिनाला धरतात, चिकटू देत नाहीत, पुन्हा घडीत आणतात आणि ते जमत नसेल तर त्याला मोडीत काढायला पाठवतात.

खरी गंमत आहे ती हे सगळं चालू-बंद होण्यात. एरवी एचएसएफ-१ नावाचं एक प्रथिन पेशीत सुटं, निष्क्रिय असतं. एचएसपी-७० आणि एचएसपी-९० या शॅपरोननी त्याला अडवून ठेवलेलं असतं. उष्णता वाढून इतर प्रथिनांच्या घड्या सुटायला लागल्या की शॅपरोन तिकडे गुंततात आणि एचएसएफ-१ मोकळं होतं. त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येतात, डीएनएवरच्या ठरलेल्या जागी बसतात आणि काही मिनिटांत एचएसपी-७० चं जनुक वाचलं जाऊ लागतं. फळमाशीत तर ते वाचणारं एन्झाइम जनुकाच्या तोंडाशी आधीच येऊन थांबलेलं असतं, त्याला फक्त पुढे सरकायचं असतं. मग नवी शॅपरोन पुरेशी झाली की तीच पुन्हा एचएसएफ-१ ला धरतात आणि त्याचं काम थांबतं. उष्णता मध्यम असेल, तर ती तशीच टिकली तरी हा प्रतिसाद काही तासांत ओसरू लागतो.

म्हणजे पेशी बाहेरचं ऊन मोजत नाही. स्वतःच्या आत झालेलं नुकसान आणि ते निस्तरायला हाताशी असलेली शॅपरोन, यांचा हिशेब ती ठेवते. हा प्रतिसाद सुरू होणं हीच नुकसान होत असल्याची खूण आहे. एकदा तापून सावरलेली पेशी पुढचे काही तास, फार तर दोन-तीन दिवस, जास्त उष्णता सोसू शकते. नंतर ती पूर्ववत होते. वर्षानुवर्षं साठत जाईल असं यात काहीच नाही.

आणि साठलं असतं तर ते चांगलंही ठरलं नसतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फळमाशीच्या पेशींना नेहमीच्या तापमानातच एचएसपी-७० बनवत राहायला लावलं, तर त्या पेशींची वाढ मंदावली. २००७ मध्ये उंदरांवर दिसलं की एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी कमी होतात. गाठीतल्या पेशीही जगण्यासाठी याच यंत्रणेचा आधार घेतात. ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा नियम इथे लागत नाही, म्हणून तर पेशीने तिला इतका पक्का लगाम घातलेला आहे.

उन्हाची सवय होते, हे मात्र खरं. रोज थोडं थोडं उन्हात काम वाढवत नेलं तर एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतं. पण तो बदल मुख्यतः घाम आणि रक्ताभिसरणातला असतो. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जातं, त्याच कामाला नाडी कमी धावते. अशा माणसांच्या रक्तपेशींत हीट शॉक प्रथिनांची पातळीही थोडी वाढलेली आढळते, हे मान्य. पण ऊन सुटलं की ही सवय काही आठवड्यांत जाते. लग्नसराईत पुण्याहून गावी आलेला तरुण लहानपणी याच मातीत वाढला, म्हणून मे महिन्यात पहिल्याच दिवशी भर दुपारी मांडव घालायला धजतो, तेव्हा त्या जुन्या सवयीतलं त्याच्याकडे काही उरलेलं नसतं.

आता ‘ऊन जितकं जास्त तितकं कवच जाड’ हा दावा. इथे हवेचं तापमान आणि पेशीचं तापमान यांची गल्लत झाली आहे. परभणीत पारा ४३ अंशांवर गेला तरी आपल्या यकृतातली, मेंदूतली पेशी ३७ च्या आसपासच असते, असली पाहिजे. प्रयोगशाळेत मानवी पेशींत हा प्रतिसाद जोरात सुरू करायला त्या ४२-४३ अंशांपर्यंत तापवतात. जिवंत माणसाच्या आतल्या अवयवांचं तापमान ४० च्या वर गेलं आणि त्याला भ्रम व्हायला लागला, की वैद्यकात त्याला उष्माघात म्हणतात. सगळ्या पेशींत ती प्रथिनं भरपूर बनावीत इतकं ऊन अंगात मुरवायचं, तर त्याआधीच माणूस दवाखान्यात पोहोचलेला असेल. साधारण ४३ अंशांच्या वर तर प्रत्येक अंशाला पेशी मरायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो आणि फार तापलेल्या पेशीत नवं प्रथिन बनवणंच कोलमडतं.

आतलं तापमान ३७ ला धरून ठेवतो तो घाम. त्वचेचं तापमान ३५ च्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंग गार करण्याऐवजी तापवायला लागतो, आणि उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्याकडची कोरडी हवा यात मदतच करते. पण जड काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जातो, तो भरून काढायला पाणी लागतं, आणि वैशाखात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर नेमकं तेच नसतं. मराठवाड्यात उन्हापासून वाचवण्याची चर्चा करायची असेल तर कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याचा पिंप आणि सावली आहे का, तिथून सुरू करावी लागेल. पेशींच्या कवचाची गोष्ट सांगून मालकाला ही जबाबदारी झटकता येता कामा नये.

‘मराठवाड्याच्या माणसात जन्मतःच जास्त.’ याला काहीही आधार नाही. उलट १९९३ सालच्या एका प्रयोगात माणसाचं एचएसएफ-१ फळमाशीच्या पेशीत घातलं, तर ते माणसाच्या नव्हे, माशीच्या तापमानाला, बरंच खाली, जागं होऊ लागलं. कुठल्या तापमानाला जागं व्हायचं हे एचएसएफ-१ एकटं ठरवत नाही, ते ज्या पेशीत आहे तिची नेहमीची अवस्था त्यात भाग घेते. आणि माणसाच्या पेशीची नेहमीची अवस्था बीडमध्ये काय, महाबळेश्वरात काय, ३७ अंशांचीच. सहारातल्या एका जातीच्या मुंग्या वारुळाबाहेर पडण्याआधीच ही प्रथिनं बनवून ठेवतात हे खरं आहे. पण त्या भाजत्या वाळूवर थोडाच वेळ थांबतात आणि परततात. आठ तास खडी फोडत नाहीत. माणसांत फरक पडतो तो वयाचा: म्हातारपणी एचएसएफ-१ चा प्रतिसाद मंदावतो, घामही कमी येतो, तहान उशिरा कळते. ‘आयुष्यभर उन्हात काढलेत, आजोबांना काही होत नाही’ असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं.

कूलरबद्दल फार लिहायला नको. थंड खोलीत बसून उन्हाची सवय सुटते, पण पेशीची यंत्रणा सुटत नाही. तापात, जड धातूंच्या विषबाधेत, ऑक्सिजनच्या ताणातही तीच यंत्रणा कामाला येते. दिवसभर उन्हात काम केलेल्याला रात्री गारवा मिळाला तर शरीर सावरतं. पत्र्याच्या खोलीत तो मिळत नाही, हे खरं दुखणं आहे.

शेवटचा दावा जीव घेणारा आहे: गार पाणी ओतू नका. उष्माघातात रक्त त्वचेकडे धावतं आणि आतड्यांना कमी पडतं. आतड्याचं अस्तर सैल होतं, जंतूंची विषं रक्तात उतरतात, मग मेंदू, मूत्रपिंडं, यकृत एकामागून एक बिघडत जातात. शॅपरोन हे थांबवू शकत नाहीत. थांबवतं ते एकच, तापमान लवकर खाली आणणं, शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात. माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायांपर्यंत गार पाणी ओतत राहा आणि टॉवेलने, पंख्याने जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. हौद जवळ असेल तर डोकं वर धरून, एकाने धरलेलं असतानाच, त्यात बसवा. अंगाला घाम दिसतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, कष्टाच्या कामात पडलेल्याला घाम असू शकतो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामोल देऊ नका, ते या तापावर चालत नाही. १०८ ला फोन लावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.