व्होल्टेजचं सोडा, आधी पुली मोजा

नमस्कार. रेकॉर्ड प्लेअरची मोटर बदलण्याबद्दल मी जे सांगितलं, त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत दोन हरकती आहेत. जुन्या बाजारात कॅसेट डेकची १२ व्होल्टची मोटर स्वस्तात मिळत असताना रेकॉर्ड प्लेअरला एसी सिंक्रोनस मोटरच शोधा, असं सांगणं हा शौकिनांचा नखरा आहे, ही एक. आणि कऱ्हाडकडे व्होल्टेज इतकं खालीवर होतं की एसी मोटरवर सूर टिकणारच नाही, ही दुसरी.

दुसरी आधी घेतो. सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर नाही, हर्ट्झवर, म्हणजे विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. २४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २५० फेरे घेते, घरात २१० व्होल्ट असोत की २४०. फ्रीक्वेन्सी ४९.९ वर आली तरी वेगात फरक ०.२ टक्के, म्हणजे सुरात साडेतीन सेंट. अर्धा सूर १०० सेंटचा असतो. तेवढ्यावर हरकत घ्यायची तर मिरजेच्या तंबोऱ्यावाल्यांनी घ्यावी, आपण नको. व्होल्टेज जास्त झालं की मोटरची थरथर वाढते, वेग नाही. पण तुमच्या प्लेअरमध्ये शेडेड पोल मोटर असेल तर तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ती इंडक्शन जातीची, म्हणजे तिचा वेग हर्ट्झला घट्ट बांधलेला नसतो. व्होल्टेज पडलं की ढेपाळते.

आता स्वस्त मोटर. प्लेअर मुळात १२ व्होल्टच्या डीसी मोटरवर चालणारा असेल तर खुशाल बसवा, फक्त वेग आणि दिशा जुळवून. बेल्टवर मोटर आणि थाळी एकाच दिशेने फिरतात, म्हणून शाफ्टकडून (मोटरच्या दांड्याकडून) पाहताना मोटर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी हवी. कॅसेटच्या बऱ्याच मोटरी उलट्या असतात, आणि आत वेग स्थिर ठेवणारं गव्हर्नर सर्किट असल्यामुळे वायरी अदलाबदल करून त्या सुलट होत नाहीत.

खरी अडचण एसी मोटरच्या जागी ही बसवताना येते. समजा, बेल्ट थाळीच्या ज्या कडेवर बसतो तिचा व्यास १६० मिलिमीटर आहे. २५० फेऱ्यांच्या मोटरला थाळीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी साधारण २१.३ मिलिमीटरची पुली (शाफ्टवरची बेल्टची चाकी) लागते (बेल्टची जाडी सोडून). कॅसेटच्या २४०० फेऱ्यांच्या मोटरला लागेल २.२ मिलिमीटरची, आणि त्या मोटरचा शाफ्टच २ मिलिमीटरचा! जुनी पुली चढवली तर तबकडी ३२० फेऱ्यांनी गरगरेल. मागच्या भोकातला स्क्रू पिळून वेग थोडाफार हलतो, दहापट उतरत नाही. शिवाय २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४०, आणि ४० हर्ट्झची ती घरघर सुई टिपते.

अमेरिकेतून आणलेल्या प्लेअरचीही हीच गत. पुली तिकडच्या ६० हर्ट्झच्या विजेची असेल तर आपल्याकडे ३३⅓ चे २७.८ होतात, मोटर बदलू नका, पुली बदला.

वेग तपासायला थाळीवर १८० रेघांची स्ट्रोब चकती ठेवा, वेग बरोबर असला की रेघा थांबलेल्या दिसतात, पण जुन्या पिवळ्या बल्बखाली. बऱ्याच एलईडीखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत. थाळीच्या त्या कडेचा व्यास आणि जुन्या मोटरवरचं लेबल इथे लिहून पाठवा, पुलीचं माप काढून देतो.