बारा ग्रॅमची आच

ट्रेकिंगचं वेड नवीन असतं तेव्हा माणूस सामान वाढवत सुटतो. दोन बॅटऱ्या, तीन दोऱ्या, चार खिशांची पँट. मग कधीतरी खांदे तक्रार करायला लागतात आणि गाडी उलटी फिरते. ही दुसरी अवस्था घरच्यांना जास्त तापदायक. माणूस स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पळवतो, पंचापासून चमच्यापर्यंत सगळं त्यावर ठेवतो आणि आकडे एक्सेलमध्ये भरतो. टूथब्रशची दांडी अर्ध्यात कापणारे लोक माझ्या माहितीत आहेत. मी अजून कापलेली नाही, पण तिचं वजन मला पाठ आहे.

माझ्या यादीत सगळ्यात डोळ्यांत खुपायचा तो गॅस. बर्नर तसा चिमुकला, शंभरेक ग्रॅमचा. पण त्याखाली 230 ग्रॅम गॅसचं नळकांडं लागतं आणि ते पत्र्यासकट पावणेचारशेच्या पुढे जातं. म्हणजे दोन वेळचा चहा आणि एक वेळचे नूडल्स यांच्यासाठी पाठीवर अर्धा किलो लोखंड. शिवाय हे नळकांडं विमानात चालत नाही, रेल्वेत चालत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते कधीच धड संपत नाही. आमच्या कपाटात अशी ‘थोडा आहे अजून’ नळकांडी रांगेने उभी आहेत. कुठल्यात किती उरलंय हे कळायला मार्ग नसल्यामुळे खात्रीसाठी दोन न्यावी लागतात.

अशा मनःस्थितीत मला स्पिरिटच्या स्टोव्हचा शोध लागला. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची साधारण साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती सलग चालणाऱ्या लोकांपैकी कित्येक जण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनपासून घरीच स्टोव्ह बनवतात. दोन कॅनचे बुडखे कापायचे, एक दुसऱ्यात बसवायचा, काठाला टाचणीने भोकं पाडायची, मध्ये स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. पंप नाही, नळी नाही, फिरवायला बटण नाही. वजन दहा-बारा ग्रॅम. दहा-बारा ग्रॅम! माझ्या रुमालाचं वजन याहून जास्त आहे.

आता कॅन. आमच्याकडे कोल्ड्रिंक पीत नाहीत. केदार म्हणाला, तुझ्या संशोधनासाठी बिअरचे कॅन मी रिकामे करून देतो. त्याने त्या कामात जी तळमळ दाखवली ती पाहता डॉक्टरेट मिळायला हरकत नव्हती, पण ते निघाले अर्ध्या लिटरचे. मला नेमका लहान घेराचा हवा होता. म्हणून सकाळी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशी उभा राहिलो. दोन सुबक कॅन दिसले, हात घातला, आणि मागून आवाज आला, “दादा, ते माझे आहेत.” कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात भाव चांगला येतो, तेव्हा त्यांचं म्हणणं रास्त होतं. “किलोने देते, सुटे नाही देत,” असं म्हणून त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बहुधा कीव आल्यामुळे दहा रुपयांना दोन सोडले. तिसऱ्या मजल्यावरचे काका हा सौदा गॅलरीतून बघत होते. तेव्हापासून ते मला लिफ्टमध्ये “नोकरी ठीक चाललीये ना?” असं विचारतात.

कॅनचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा पातळ असतो. कात्रीने कापायला गेलं की करवतीसारखे दाते निघतात आणि बोटं कापतात. (शिवणकामाच्या कात्रीने कापायला गेलं की बोटांआधी कानांना त्रास होतो. आईची कात्री होती.) खरी पद्धत अशी की जाड पुस्तकात ब्लेड खोचायचं, पुस्तक आडवं ठेवायचं आणि कॅन त्याला टेकवून सावकाश गोल फिरवायचा. आरपार कापायचं नाहीच, नुसता ओरखडा उमटवायचा. मग अंगठ्याने दाबलं की पत्रा त्या रेघेवर स्वतःहून सुटतो. अडीच सेंटिमीटर उंचीचे दोन बुडखे असे इतके स्वच्छ निघाले की मी ते दिवसभर हातात घेऊन फिरत होतो.

पण दोन्ही एकाच मापाचे. एकाच मापाची वस्तू एकाच मापाच्या वस्तूत बसवायची म्हणजे एकीने मोठं व्हायला हवं आणि दुसरीने लहान. यावर उपाय आहे. न उघडलेला, भरलेला कॅन घ्यायचा आणि त्याचं बूड कापलेल्या बुडख्यात दाबून त्याचा काठ जरासा फाकवायचा. म्हणजे आयुष्यात कधी कोल्ड्रिंक न आणलेल्या घरात मी शेवटी कोल्ड्रिंक आणलं आणि ते कुणाला प्यायला दिलं नाही. आमच्या चिरंजीवांनी हे त्यांच्या आजीला सांगितलं, आजीने मला सुनावलं. आत पत्र्याची एक पट्टी गोल करून उभी केली. तिच्या तळाशी दोन-तीन खाचा, म्हणजे मधलं स्पिरिट बाहेरच्या पोकळीत झिरपतं. ते तापून त्याची वाफ झाली की ती काठाच्या भोकांतून बाहेर पडते आणि पेट घेते.

बायको कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने तो गोल डबा तळहातावर घेतला आणि म्हणाली, “अर्धा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून शंभरावर न्यायला साधारण एकशे सत्तावन्न किलोज्यूल लागतात. यातली निम्मी उष्णता वाऱ्यावर जाणार. पंधरा-वीस मिली स्पिरिट धर. आणि ग्रॅमला ग्रॅम तुलना केली तर स्पिरिटमध्ये गॅसच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता असते. चार-पाच दिवस चालायचं असेल तर गॅसच हलका पडेल.”

“पण आम्ही एका रात्रीसाठी जातो.”

“मग एका रात्रीसाठी अर्धा किलो जड होतो का?”

शिकवणाऱ्या माणसांशी लग्न करू नये.

स्पिरिट मिळवणं हा स्वतंत्र अध्याय आहे. केमिस्टकडे मिळालं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पेटतं, पण पिवळी ज्योत देतं आणि पातेल्याला काजळीचा असा थर चढवतं की घासणाऱ्या बाईंनी काम सोडायची भाषा केली. खरं हवं ते फ्रेंच पॉलिशसाठी लाख विरघळवायला सुतार वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट. इथे एक अडचण आहे. माणसाने पिऊ नये म्हणून त्यात विष कालवलेलं असतं, तरीही कुणी पिईल या भीतीने ते दारूबंदीच्या 1949च्या कायद्याच्या कक्षेत येतं. त्यामुळे रंगांच्या दुकानात जाऊन “स्पिरिट आहे का?” असं विचारणारा मध्यमवयीन, दाढी वाढलेला इसम कसा दिसत असेल याची कल्पना करा.

“कशाला पाहिजे?” दुकानदार.

“स्टोव्हमध्ये घालायला.”

“स्टोव्हमध्ये रॉकेल घालतात, साहेब.”

“हा वेगळा स्टोव्ह आहे. मी घरी केलाय. कोल्ड्रिंकच्या डब्याचा.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मऊ आवाजात म्हणाला, “साहेब, टीपॉयला पॉलिश करायचंय असं सांगा ना. बिलावर काय लिहू मी?” आमच्याकडे टीपॉय नाही. बिलावर आहे.

चाचणी गॅलरीत, रात्री. रात्रीच का, तर स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. हा या स्टोव्हचा सगळ्यात कपटी गुण. पेटलाय की विझलाय हे पाहायला प्रत्येक जण वरून हात फिरवतो आणि मग सगळ्यांना समजतं. म्हणून खाली स्टीलचं ताट, बाजूला ओला टॉवेल, झाकायला मोठं पातेलं आणि चिरंजीव दाराच्या आत. पेटत्या स्टोव्हमध्ये वरून स्पिरिट ओतायचं नाही, हा एक नियम मी सगळ्यांना घोकायला लावला होता. ज्योत बाटलीत शिरायला वेळ लागत नाही.

काडी लावली. आधी मधलं स्पिरिट आळसावल्यासारखं जळत राहिलं. अर्धा-पाऊण मिनिट काहीच नाही. मग काठाच्या एका भोकातून निळी कळी फुटली, शेजारच्यातून दुसरी, आणि बघता बघता पुरी सोळा कळ्यांची माळ उभी राहिली. आवाज नाही, वास नाही. मी आजूबाजूला पाहिलं. कौतुकाचे शब्द यायला हरकत नव्हती.

आई पुढे झाली. वाकून पाहिलं. म्हणाली, “हा तर आपला प्रायमस. फक्त पंप काढलाय.”

आणि बाई बरोबर होती. 1892 साली स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने प्रायमस काढला, तोही याच तत्त्वावर, आधी बर्नर तापवायचा, मग तेलाची वाफ करून जाळायची. आईच्या पिढीने काकडा स्पिरिटमध्ये बुडवून, बर्नरला अडकवून, तो विझायच्या बेताला आला की पंप मारून हे रोज सकाळी केलेलं आहे, तेही डोळे अर्धवट मिटलेले असताना. मी तीन पुस्तकांत ब्लेड खोचून जे शोधून काढलं ते तिला पाचवी-सहावीत येत होतं.

“पिन कुठंय?” तिने विचारलं.

“कसली पिन?”

“भोकं बुजली की?”

“याची बुजत नाहीत. स्पिरिट स्वच्छ जळतं.”

“बरं,” आई म्हणाली. माझ्या आईचं ‘बरं’ ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

डिसेंबरात केदार, मिल्या आणि मी मढे घाटाच्या वर, केळद गावाजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर मुक्कामाला गेलो. गाडीने गेलो, कारण स्पिरिटची बाटली घेऊन एसटीत चढायची माझी तयारी नव्हती. जागा सुरेख आहे. समोर सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण. आणि कोकणातून वर येतो तो वारा. या वाऱ्याला माझ्या बारा ग्रॅमशी कसलंच देणंघेणं नव्हतं. निळ्या कळ्या आडव्या झाल्या आणि त्यांनी पातेलं सोडून शेजारची ढेकळं तापवायला घेतली.

त्यासाठी मी आडोसा आणला होता. बिर्याणीच्या पार्सलचा फॉइलचा ट्रे कापून केलेला, वजन नऊ ग्रॅम. तो लांब धरला तर वारा आत शिरतो. जवळ धरला तर उष्णता परत स्टोव्हवर आपटते, स्पिरिट उकळायला लागतं, कळ्यांच्या जागी लोळ उठतो आणि पाणी तापायच्या आत इंधन संपतं. नेमकं अंतर दोन बोटं. ते सापडेपर्यंत मिल्याने दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

“संपलं का?” तो म्हणाला.

“माहीत नाही.”

“मग घाल ना अजून.”

“जळत असेल तर?”

“दिसत तर नाहीये.”

“तेच तर.”

तीन शिकलेले पुरुष एका डब्याभोवती उकिडवे बसून तो विझलाय का याची चर्चा करत होते. शेवटी केदारने वाळलेलं गवताचं पातं वर धरलं. ते पेटलं. म्हणजे जिवंत होता. पुन्हा पाणी ठेवलं. तळाशी बारीक बुडबुडे आले. केदार म्हणाला हे उकळणं आहे, मिल्या म्हणाला ही तर नुसती उबळ आहे. वाद टाळण्यासाठी मी साखर, चहा पावडर आणि दुधाची पावडर एकदमच टाकली आणि आम्ही तिघं खाली सूर्य बुडताना बघायला वळलो.

चहाला एवढंच हवं असतं. अर्धा तास डोळ्यांत तेल घालून बघत होतो तेव्हा ढिम्म हलला नाही, पाठ फिरवली आणि उतू गेला. गॅस असता तर बटण फिरवलं असतं. इथे फिरवायला काही नाही. मंद आच ही कल्पनाच या यंत्राला मान्य नाही. स्वीडनच्या त्रांगिया कंपनीने आपल्या पितळी बर्नरला सरकतं झाकण दिलंय ते उगाच नाही, पण तो बर्नर शंभराच्या वर भरतो आणि माझ्या एक्सेलमध्ये बसत नाही. दुधाचा ओघळ पातेल्यावरून सरळ काठावर आला, तापलेल्या पत्र्यावर चर्र झालं आणि एका बाजूच्या कळ्या विझल्या. उरल्या त्या दुसऱ्या बाजूला. पातेल्याचा अर्धा तळ गरम आणि अर्धा गार. त्यातही जो चहा उरला होता तो उत्तम होता, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

नूडल्स बाकी होते. स्टोव्ह विझून गार होईपर्यंत थांबलो. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर सोळापैकी सात भोकांत जळकं दूध घट्ट बसलेलं. टाचणी घरी. तिचं वजन वाचवलं होतं. बाभळीचा काटा चालेल का यावर चर्चा सुरू झाली. मिल्या आजूबाजूला बाभूळ शोधायलाही लागला.

केदारने खिसा चाचपला. मग सॅकचा वरचा कप्पा. मग वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि उघडली. आत पत्र्याच्या पातळ पट्टीला टोकावर केसाएवढी तार बसवलेली स्टोव्हची पिन. मी वीस-पंचवीस वर्षांत तशी पाहिली नव्हती.

“ही कुठून आणलीस?”

“काकूंनी दिली. निघताना जिन्यात. म्हणाल्या, लागेल. त्याला आधी सांगू नकोस, तो घेणार नाही.”

एकेक भोक मोकळं केलं. नवीन स्पिरिट मापून ओतलं, काडी लावली, कळ्या पुन्हा सोळा. नूडल्स झाले. कच्चे नव्हते, हे मिल्यानेही मान्य केलं, म्हणजे त्याने दुसरी वाढ घेतली.

पातेलं पुसून ठेवताना केदारने पिन पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली. “ही आता तू घे. तुझ्या स्टोव्हचा पार्ट आहे, त्याचं वजन माझ्या सॅकमध्ये कशाला?”