नाव नाही, ताबा आहे

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानामुळे पाय ठेवायला जागा नसते. यंदा काकांच्या दुकानातल्या संगणकातही नव्हती. बिल करायला गेलं की एकच उत्तर: डिस्क भरली. घरात त्याची लिनक्स प्रणाली कळणारा, म्हणजे बिघडलं की ज्याला हाक मारतात असा, मी एकटाच.

डिस्कवरची जागा मोजणारा ‘डीएफ’ म्हणाला, १०० जीबीपैकी ९५ वापरलेले, शिल्लक शून्य. उरलेले ५ टक्के रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, राखीव. देवळात महाजनांचा मान असतो, तसा. शोधता शोधता बिलिंगच्या प्रोग्रामचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, सापडला. ६१ जीबी! ‘आरएम’ मारून उडवला. परत डीएफ: शिल्लक शून्य. फाइलींची बेरीज करणाऱ्या ‘डीयू’ला विचारलं, तर तो म्हणतो, सगळं मिळून ३४च.

बाहेर सुपारीचा घड खांद्यावर टाकून गिऱ्हाईक खोळंबलेलं. काकी म्हणाली, “बंद करून परत चालू कर बघू.”

“काकी, हा लिनक्स. याला असलं लागत नाही.”

ज्याचं भाट, म्हणजे जमीन-बागायत, आहे त्याला पुढचं लगेच कळेल. उताऱ्यावर नाव नाही म्हणून मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर करून राहणारा, घर सोडत नाही आणि गोव्याच्या १९७५च्या कायद्यामुळे भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, त्याला सहजासहजी हुसकावताही येत नाही. फाइलीचं तेच. आरएम फक्त यादीतलं नाव खोडतं. कुठल्या प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर तो सोडेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कचा एक ब्लॉकही मोकळा करत नाही. डीयू नावं वाचत दारोदार फिरतो, त्याला ती दिसत नाही. डीएफ थेट जमीन मोजतो. दोघेही खरंच बोलत होते. हे आठवायला मला पावणेदोन तास लागले.

उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’, म्हणजे नाव खोडलेल्या तेवढ्याच, असं जोडून विचारलं, तेव्हा मुंडकार सापडला: ६१ जीबी, पुढे ‘डिलिटेड’, आणि धरून बसलेला बिलिंगचा प्रोग्राम. तो बंद केला, परत चालू केला. जागा मोकळी. काकी काही बोलली नाही. नुसतं बघितलं.

मग नवा लॉग उघडला. तो तेवढ्यात भरायला लागलेला, एकच ओळ भराभर: जुना प्रिंटर सापडत नाही, जुना प्रिंटर सापडत नाही. सेटिंगमध्ये त्याचं नाव अजून होतं.

“तो खंय आता?” काका म्हणाले. “शिगम्याआधीच भंगारवाल्याला दिला.”