दोन अवयवांत गाठ म्हणजे शेवटची स्टेज नव्हे

“गर्भाशयात आणि अंडाशयात एकाच वेळी कॅन्सर निघाला म्हणजे तो पसरलाच; ही शेवटची स्टेज, उपचारावर पैसा घालवू नका, काढलेली पिशवी तपासायला पाठवणे हाही फुकटचा खर्च,” असा मजकूर बीड-जालन्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे.

आधी पसरण्याचा मुद्दा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या सुमारे ५ टक्के स्त्रियांच्या अंडाशयातही त्याच वेळी गाठ सापडते. अमेरिकेतील गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या २००१ मधील अभ्यासात अशा ७४ रुग्ण होत्या. रोग ओटीपोटापुरता असलेल्या या स्त्रियांपैकी सुमारे ८६ टक्के पाच वर्षांनी आणि ८० टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. दूरवर पसरलेल्या कॅन्सरमध्ये असे आकडे दिसत नाहीत. यावर “हे दोन स्वतंत्र कॅन्सर” असे उत्तर काही जण देतात, तेही पुरते खरे नाही, कारण २०१६ मधील जनुकीय अभ्यासांत अशा बहुतेक गाठी एकाच पेशीवंशाच्या निघाल्या. मात्र मूळ एक असूनही त्यांची वागणूक सौम्यच राहते.

स्टेजचे म्हणाल, तर दोन्ही गाठी कमी ग्रेडच्या (म्हणजे पेशी फारशा न बिघडलेल्या) आणि एंडोमेट्रिऑइड, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींच्या प्रकारच्या, अंडाशय एकच बाधित व त्याचे आवरण शाबूत, गर्भाशयाच्या स्नायूत शिरकाव निम्म्याहून कमी आणि रक्त-लसिकावाहिन्यांत लक्षणीय प्रसार नाही, एवढे जुळले की फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२३ च्या वर्गीकरणात तो रोग पहिल्या स्टेजमध्ये, ‘१ए३’ म्हणून धरला जातो. पूर्वी तो तिसऱ्यात जाई. सीरस या जास्त आक्रमक प्रकारात चित्र निश्चितच गंभीर असते, पण उपचार तेथेही आहेत.

तपासणी फुकटची हा दावा सर्वांत घातक. ऊसतोड महिलांची गर्भाशये गरज नसताना काढल्याच्या आरोपांमुळे २०१९ मध्ये देशभर गाजलेल्या बीड जिल्ह्यात तरी तो कोणी पुढे पाठवू नये. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ट्रेमधली पिशवी नातेवाइकांना दाखवून “बघा, किती खराब झाली होती” म्हटल्याने ना प्रकार कळतो, ना ग्रेड. ते फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या अवयवाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना रिपोर्टसोबत स्लाइड (काचेवरचे काप) आणि ब्लॉक (मेणात जपलेले अवयवाचे तुकडे) मागून न्यावेत, म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ते पुन्हा पाहता येतात. त्याच ब्लॉकवर लिंच सिंड्रोमची, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, प्राथमिक चाचणीही होते, आणि तिच्यात दोष दिसून पुढे रक्ताच्या जनुकीय चाचणीत तो पक्का झाला, तर बहीण-भावांनी आणि मुलांनीही स्वतःची तपासणी करून घ्यायची असते.