सेल्फ घरी बदला, पण त्या मेसेजप्रमाणे नको

‘गॅरेजला हजारो रुपये कशाला? सेल्फ 20 मिनिटांत घरीच बदला’ असा गाडीच्या सेल्फबद्दलचा (इंजिन सुरू करून देणाऱ्या मोटरबद्दलचा) एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. आता माझ्या भाच्यानेच तो पाठवून विचारलंय, “मामा, रविवारी करू का? तुझे पाने लागतील.” गाडीखाली शिरणार तो. त्यामुळे आता गप्प बसणार नाही.

मी स्वतः घरी सेल्फ उतरवतो. बहुतेक गाड्यांत दोन-तीन बोल्ट, एक जाड वायर आणि एक बारीक वायर, एवढाच मामला असतो. म्हणूनच जास्त चीड येते. इतकं सरळ काम, आणि त्यातल्या नेमक्या जिवावरच्या पायऱ्या या मेसेजने उलट्या सांगितल्यात.

पहिलंच वाक्य घ्या: ‘चावी फिरवल्यावर टकटक आवाज आला की सेल्फ गेला.’ भराभर टकटक होत असेल तर पहिला संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर घ्यायचा. सोलेनॉइड (सेल्फवरचा, विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच) आत खेचला जातो, सेल्फ करंट ओढतो, कमजोर बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा खेचला जातो. तोच तो आवाज. बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. पूर्ण चार्ज असलेली, थोडा वेळ स्वस्थ ठेवलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा, इंजिनची अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का पाहा. आकडा आणि हेडलाइट दोन्ही टिकून आहेत, एकदाच ‘टक’ होतंय आणि इंजिन हलत नाही, तेव्हा सेल्फकडे वळा.

पुढचं वाक्य: ‘बॅटरी काढायची गरज नाही, 12 व्होल्टचा शॉक लागत नाही.’ शॉक लागत नाही, हे खरं. पण इथे धोका शॉकचा नाही, भाजण्याचा आहे. पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. म्हणजे गिझरइतकी ताकद त्या एका वायरीतून जाते, आणि बहुतेक गाड्यांत बॅटरीपासून सेल्फपर्यंत येणाऱ्या त्या वायरीला मध्ये फ्यूज नसतो. नट सोडवताना पान्याचं एक टोक त्यावर आणि दुसरं इंजिनला किंवा बॉडीला टेकलं, की शेकडो अँपिअर पान्यातून जातात. पाना लाल होतो, चिकटून बसतो. बोटात अंगठी असेल तर ती बोटावरच तापते. बॅटरीजवळ ठिणगी पडली आणि तिथे बॅटरीतून निघणारा, पेट घेणारा हायड्रोजन वायू साठलेला असेल तर बॅटरी फुटून अ‍ॅसिड तोंडावर येतं. हे सगळं टाळायला निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवायचं आणि जोडताना ते शेवटी लावायचं. एक पाना, दोन मिनिटं.

आता सगळ्यात घातक ओळ: ‘नवा सेल्फ बसवला की खालूनच स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन पॉइंट जोडून तपासा.’ पुष्कळ सोलेनॉइडवर 30 आणि 50 असे आकडे असतात. 30 म्हणजे थेट बॅटरीचा पॉइंट, 50 म्हणजे चावीकडून येणारा. हे दोन जोडले की चावी, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, असे सुरक्षेचे सगळे अडथळे ओलांडून सेल्फ फिरतो. आपल्याकडे उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची सवय घरोघरी आहे. गिअर पडलेला असताना सेल्फ फिरला की गाडी पुढे झेपावते. इग्निशन चालू राहिलं असेल तर इंजिनही सुरू होतं. आणि तुम्ही कुठे असता? खाली, चाकासमोर.

ही कल्पनेतली भीती नाही. खेड्यात जुना ट्रॅक्टर असाच सुरू करताना अनेकांनी पाहिलं असेल. माणूस मोठ्या चाकाशी उभा राहून सेल्फवर स्क्रू ड्रायव्हर टेकवतो. अमेरिकेत याला ‘बायपास स्टार्टिंग’ म्हणतात, आणि माणसं चाकाखाली गेली म्हणूनच जॉन डिअर आपल्या ट्रॅक्टरवर सेल्फजवळ इशारा चिकटवते: फक्त सीटवर बसून, पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू करा, गिअरमध्ये सुरू केलात तर जीव जाईल. ट्रॅक्टर बनवणारी कंपनी इतक्या उघड शब्दांत लिहिते, आणि आपण मात्र ही युक्ती ‘लाइक’चा अंगठा टाकून पुढे पाठवतो.

‘डिकीतल्या जॅकवर उचला, बाजूला विटा लावा.’ गाडीचं हँडबुक उघडा. हा जॅक फक्त चाक बदलायला आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, असं त्यात लिहिलेलं असतं. वीट वजनाखाली अचानक फुटते. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी आधार) विकत घ्या, नसेल तर खाली जाऊ नका. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की वरूनच हात पोचतो.

‘बोल्ट जुळले की कुठलाही सेल्फ चालतो.’ अजिबात नाही. पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात वेगळे असले तर ते ज्यात अडकतात ती इंजिनच्या फ्लायव्हीलची (जड चाकाची) दातेरी रिंग खराब होते, आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

‘सेल्फला हलकेच ठोकलं की गाडी सुरू होते’ असं म्हणतात, ते मात्र मान्य करावं लागेल. कार्बन (सेल्फच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, त्याला टेकून असलेले तुकडे) झिजले असतील तर तेवढ्या हादऱ्याने ते पुन्हा टेकतात. पण आतले चुंबक चिकटवलेले असतील तर हातोडीने ते तडकतात. एकदा घरी पोचण्यापुरतं ठीक, रोजचा उपाय म्हणून नाही.

गॅरेजवाले लुटतात, हा आरोपही पूर्ण खोटा नाही. नुसते कार्बन आणि बुश (ज्यात दांडा फिरतो त्या छोट्या कड्या) बदलून भागत असताना अख्खा सेल्फ बदलायला लावणारे आहेत. त्यावर सोपा मार्ग आहे: सेल्फ स्वतः उतरवा, जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, समोर उघडायला सांगा आणि काढलेले कार्बन, बुश मागून घ्या.